लिहायची कडी

एकोणऐंशी साली मकरपुऱ्याच्या कारखान्यात
ईडीपी खात्याला थंड खोली मिळाली तेव्हा
मोठ्या साहेबांच्या डोक्यावर अजून पंखाच कुरकुरत होता.
आम्ही चपला बाहेर काढायचो.
देवाला धूळ चालते, हिला नाही.

माझ्या उंचीचं कपाट, काचेचं दार,
वर दोन रिळं, खाली दोन पोकळ खांब.
हवेच्या ओढीने फीत त्यांत लोंबायची,
खोटं बोलणाऱ्याच्या गळ्यासारखी वरखाली.
दोन हजार चारशे फूट.
परीख म्हणायचा, शितोळेभाई, सोडली तर
न्यायमंदिरापासून मांडवीपर्यंत जाईल.
आणि गुंडाळत कोण आणील, तू?

रिळाच्या पाठीत खोबण, खोबणीत पिवळी कडी.
कडी असली तर लिहा,
नसली तर नुसतं वाचा.
एकदा काढायची विसरलो, आणि मार्चच्या पगारावर
एप्रिलचा पगार लिहिला गेला.
त्या रात्री जेवलो नाही.
तुटक्या कड्या घरी नेल्या तर वैजूने बांगड्या केल्या.
गळून पडायच्या, म्हणून हात वर धरून चालायची.
शाळेत बाईंनी विचारलं, कसल्या गं या?
म्हणाली, लिहायच्या.

प्रत्येक हिशेबाच्या तीन पिढ्या ठेवायच्या,
मुलगा यंत्रावर, बाप कपाटात,
आजोबा रावपुऱ्यातल्या बँकेच्या लॉकरमध्ये.
नवा हिशेब आला की आजोबाला आणायचं,
पुसायचं,
आणि मुलगा म्हणून परत चढवायचं.
मला हे कधी विचित्र वाटलं नाही.
वडील गेले त्या आठवड्यात मात्र
ते काम मी पागेदारला करायला सांगितलं.

मग टेबलाच्या उंचीचं यंत्र आलं.
जी फीत मी घास भरवावा तशी ओवायचो
ती हिने आपली आपणच ओढून घेतली.
इंचात सोळाशे अक्षरं मावायची, ती सहा हजारांवर गेली,
तांदळावर नावं कोरणाऱ्याने हात जोडावेत.
मग साबणाच्या वडीएवढी डबी.
मग पानाच्या चंचीत जाईल अशी.
कपाटं भंगारात गेली, वजनावर.
खोली तेवढीच राहिली, आणि आत मी एकटा
स्वेटर घालून.

निवृत्तीनंतर तीन वर्षांनी चंचळबेन आल्या.
रतिलाल वाळंद, फिटर, टोकन चारशे सतरा.
पेन्शनच्या कागदांत चौदा महिने गायब,
ब्याऐंशी-त्र्याऐंशीची हजेरीबुकं वाळवीने खाल्लेली.
रीळ सापडलं स्टोअरमध्ये, रंगाच्या डब्यांमागे.
यंत्र सापडलं परीखच्या गोरव्याच्या वर्कशॉपमध्ये,
वर कॅलेंडर आणि मनीप्लँट.

फीत चिकट झाली होती, फिरवली की किंचाळायची.
इतक्या पावसाळ्यांचा ओलावा पिऊन बसलेली.
कॉलेजच्या प्रयोगशाळेत ती भाजली,
पंचावन्न अंश, आठ तास,
शेजारी कुणाच्या तरी मातीचे नमुने वाळत होते.
कडी काढली.
खोबणीत बोट घालून पाहिलं. पुन्हा पाहिलं.
परीख म्हणाला, बस आता.

एकदाच वाचता आली.
मागे तपकिरी भुकटी उरली, आणि जागोजागी
काचेसारखी आरपार फीत.

छापलेला कागद हातात घेण्याआधी
चंचळबेननी रिळाकडे बोट दाखवून विचारलं,
एमनो अवाज छे आमां?

नाही, म्हणालो. हजेरी आहे.

चष्मा नव्हता, म्हणून मीच वाचत गेलो.
जून सव्वीस. जुलै सत्तावीस.
ऑगस्ट, दोन खाडे.
तिथे त्यांनी मला थांबवलं.
पावागढ, म्हणाल्या.

परीखने यंत्र बंद केलं,
मनीप्लँट उचलून परत वर ठेवला.