उष्टावण

ओजस निगडे, सहा महिने अकरा दिवस.
रक्तातली साखर एकतीस.
पहाटे तीनला शीर शोधत मीच बसले होते,
साखर खाली असतानाच घ्यावं लागतं रक्त,
नंतर इन्सुलिन काहीही सांगतं.

मी हार्मोनची डॉक्टर,
मला हार्मोनच दिसत होतं.
कॉर्टिसोल, ग्रोथ हार्मोन, ॲड्रिनल,
एकेकाला उठवून विचारलं, रात्री कुठे होतास?
सगळे आपापल्या घरी होते.
इन्सुलिन तर अंग चोरून बसलेलं,
अशा वेळी बसावं तसंच.

आणि आम्ही काय करत होतो?
साखर कमी म्हणून जिभेवर साखर.
तापाला गुलाबी सिरप.
तासाभरात उलटी, घाम,
यकृत बरगडीखाली तीन बोटं.
लोखंडे सिस्टरांनी चार्टच्या कडेला
पेन्सिलीनं लिहिलं होतं: औषधाला तोंड फिरवतो.
मी ते वाचलं होतं,
वाचून पान उलटलं होतं.

सारिका धायरीहून आल्यापासून एकच सांगत होती,
उष्टावण होईपर्यंत चांगला होता हो.
सासू म्हणे, दृष्ट.
बाराव्या दिवशी मी विचारलं, भरवलंत काय?
खीर. मामाच्या मांडीवर बसवून.

मामा दारात उभा, कात्रज डेपोचा खाकी शर्ट.
"मी नुसती चाटवली, मॅडम.
मी स्वतः गोड खात नाही."
कधीपासून?
"कळतंय तेव्हापासून. पोटात कालवतं."

तोंड उघडा, म्हटलं.
एक्केचाळीस वर्षांचे बत्तीस दात,
एकालाही कीड नाही.

जनुकाचा रिपोर्ट पाच आठवड्यांनी आला,
एक चूक आईकडून, एक बापाकडून,
फळातली, मधातली, उसातली साखर मोडणारं
एकच एन्झाइम नाही.
तोवर सिरप बंद होऊन महिना झाला होता
आणि ओजस पेजेची वाटी
दोन्ही हातांनी ओढायला लागला होता.

मामालाही यादी लिहून दिली.
त्यानं घडी करून खिशात ठेवली, पण उठेना.
"पुरणपोळीवरून मार खाल्लाय मी,
भर पंगतीत, पाहुण्यांसमोर.
म्हणजे नाटकं नव्हती माझी?"

नव्हती.

"थांबा जरा," म्हणाला,
"आई खाली रिक्षात बसलीय.
तिला वर आणतो.
तिच्यासमोर सांगा."