रेतीचं घमेलं

आमच्या खोलीत भिंतीला एकच बोर्ड.
पंखा, आईचा मोबाइल आणि माझ्या ड्रिलची बॅटरी,
तिघं रात्री त्याच्याकडे वाटणी मागतात.
मानपाड्याच्या त्या गल्लीत खिडकी म्हणजे
समोरच्यांची भिंत. हात लांबवला की लागते.
बॅटरी चार्जिंगला उशाशी नाही ठेवत मी, गादीवर नाही,
कपड्यांच्या ढिगाजवळ तर नाहीच.
दाराशी, उघड्या कडाप्प्यावर,
आणि आम्ही जागे असेपर्यंतच.
आई म्हणते, देवासारखी मांडतेस.
मी म्हणते, देव तापत नाही.

मी कबुतरांच्या जाळ्या लावते.
घोडबंदर रोडचे टॉवर, सत्ताविसावा मजला,
बाल्कनीत प्लग नसतो, म्हणून हे बिनवायरीचं हत्यार.
खाली खाडी, पलीकडे भिवंडीची गोदामं,
आणि डोळ्यांत जाऊ पाहणारा सिमेंटचा भुगा.
चष्मा घाम आला तरी काढत नाही.

शिकवलं धाकू मिस्त्रींनी.
बोलायचे कमी. तर्जनीचं पेर नसलेला उजवा हात
तेवढा पुढे करायचे.
"बिट बदलताना बॅटरी आधी काढ.
मी नव्हती काढली."
झालं. एवढाच धडा.
बाकीचं त्यांच्या रागावरून कळलं.
खिशात सुटे स्क्रू आणि बॅटरी एकत्र टाकली, त्या दिवशी
जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन लांब जाऊन बसले.
उन्हातली बॅटरी तशीच चार्जरला लावली तेव्हा
उपटून काढली, म्हणाले,
"धावत आलेल्या माणसाला लगेच ताट वाढतेस का?
बसू दे. घाम वाळू दे तिचा."

एप्रिलात पाचातली एक फुगली.
फार नाही. गालात गूळ धरल्यासारखी.
खोबणीत शिरताना अडली, मग शिरली.
प्रफुल्लशेठ फोनवर म्हणाला,
आजचे तीन फ्लॅट उरक, उद्या बघू.
तीन फ्लॅटचे माझे सत्तावीसशे.
नव्या बॅटरीचे चार हजार.
हिशोब मला येतो.
स्टुलावर उभी होते, कमरेला पट्टा, समोर कठडा,
मुठीखाली ती कोमट.
कोमट, ड्रिल अजून फिरलंही नव्हतं.

काढली. टोकांना चिकटपट्टी लावली.
जिन्याने उतरले, सत्तावीस मजले,
लिफ्टच्या बंद पेटीत
तिच्याशी एकटं राहायचं नव्हतं.

गेटवरचा हिरामण म्हणाला, बाँब का गं?
म्हटलं, घमेलं दे. मागे रेती आहे ना?
कोरडी बघून दे.

गाड्यांपासून लांब, मोकळ्या जागी
ती रेतीत बसली, मी वीस पावलांवर.
बॉल शोधत पोरं आली, त्यांना हाकललं.
"ताई, आत काय आहे?"
"झोपलंय कुणीतरी."
"मग उठवायचं का?"
"नाही."
हिरामणने चहा आणला, तोही लांबूनच दिला.
मजल्यामजल्यांवर दिवे लागत गेले,
माझ्या अर्धवट जाळीच्या बाल्कनीत
कबुतर येऊन बसलेलं असणार.

काही झालं नाही.
सकाळी हिरामणच्या ओळखीने ई-कचऱ्याच्या टेम्पोत गेली,
रेतीसकट, घमेल्यासकट.
घमेल्याचे दीडशे त्याने माझ्याकडून घेतले.
शेठ म्हणाला, बघ, उगाच दिवस घालवलास.
मी हो म्हटलं.
धाकू मिस्त्रींना फोन करून सांगावंसं वाटलं,
मग वाटलं, काय सांगणार?
काही झालं नाही, हे?

पण ते सकाळचं.
त्या रात्री घरी आले तेव्हा पिशवी हलकी,
बाकीच्या चार भरलेल्याच होत्या.
आईने सवयीने हात लांबवला,
बॅटरीला जागा म्हणून पंख्याचं बटण बंद करायला.
म्हटलं, राहू दे गं.
फिरू दे.