आखो शे

धरणगाव-चोपडा रस्त्यावर जिनिंगचा वजनकाटा,
तिथली रातपाळी माझी.
दोन गाड्यांच्या मधे जो वेळ उरतो
तो शेठच्या हिशेबात धरत नाहीत,
म्हणून मी धरतो.
कीबोर्डात कापसाचं तूस. वेलांटीची कळ
एकदा दाबली की दाबलेलीच राहते,
नखानं उचकटावी लागते.

लिखाण ठेवायला एक सिस्टीम घेतली, फुकटची.
उघडली तर आधी कोणी राहून गेल्यासारखी:
समुद्राचा फोटो, लाकडी टेबल, कॉफीचा कप,
आणि माझं नाव अ‍ॅडमिन.

समुद्र काढला.
बरेच दिवस तिथे काहीच लावलं नाही.
मग खिडकीतून दिसते ती बाभूळ लावली,
ट्रॅक्टरच्या उजेडातली,
काट्याकाट्याला अडकलेला दुसऱ्याचा कापूस.

अ‍ॅडमिन खोडून सुपडू लिहिलं.
माझ्याआधीची दोन गेली
म्हणून मायनं मला सुपात घालून ओढलं होतं उंबऱ्यावरून.
ते नाव त्यांच्या ओळीत बसेना.
दोन्ही उकारांची शेपटं कापली जायची.
ओळीची उंची वाढवली, दीडाची पावणेदोन.
शेपटं आली.

भाची पुण्याहून म्हणाली, मामा, तयार थीम घे ना,
किती छान छान असतात.
म्हटलं, बाई, तयार सदऱ्याच्या बाह्या
आपण वर्षभर दुमडतच बसतो.
ती हसली. मी म्हातारा झालो असं वाटलं असेल.

प्रत्येक नोंदीला वर्ग लागतो.
नाही दिला तर सिस्टीम स्वतःच लावते: अवर्गीकृत.
तो पुसता येत नाही. सगळं करून पाहिलं.
नाव तेवढं बदलता येतं.
बदललं: आठलं-तठलं.
आता त्यात मावतं सगळं.
मागच्या डाव्या टायरला मेव्हण्याचं नाव ठेवलेला
एरंडोलचा ड्रायव्हर,
भरितात तेल कमी पडलं म्हणून पेटलेले हमाल,
तापीच्या पुलावर मेलेला रोही, डोळे उघडे.

'पुढे वाचा' होतं, तिथे 'आखो शे' करायला गेलो.
एक अर्धविराम सुटला
आणि पडदा पांढरा.
चूक काय ते सांगेना, वाट दाखवेना.
पांढरा म्हणजे तीनशे क्विंटलची गंजी
आणि आत कुठेतरी तेवढी एक सरकी.
जुनी प्रत पेनड्राइव्हवर होती,
पेनड्राइव्ह तमाखूच्या डबीत.
दोन शिंका आल्या, मागोमाग सगळं परत आलं.

मग एका रात्री, गाडी नव्हती,
शोधाच्या चौकटीत उगाच लिहिलं: उखर्डू.
धाकटा. उधन्याला गेला, लूमवर.
दोन दिवाळ्या फोन,
तिसरीला तो नंबर कुण्या बाईचा, गुजरातीत बोलली,
चांगलं बोलली.
एंटर.
काहीही सापडले नाही.

हे वाक्य कुठे राहतं ते हुडकायला तीन रात्री गेल्या.
भाषांतराच्या फाइलीत, ओळ आठशे बारा.
कोणीतरी मन लावून लिहिलेलं, शुद्ध,
एकही चूक नाही त्यात.
खोडलं.
'आजून लिखेल नही' असं टाकलं.
अर्धविराम दोनदा बघितला.

पुन्हा शोधलं. उखर्डू.
आजून लिखेल नही.
हां. हे खरं आहे,
आणि याला इलाज आहे.

हॉर्न.
खिडकी सरकवतो. उतर भाऊ खाली,
तुझं वजन नको कापसात.
दहा किलोच्या खालचं हा काटा धरत नाही,
तू धरला जाशील.
भरलेली एवढी. मोकळी करून आण, मग वजा करू.
पावती फाडतो, तो बिडी मागतो, नाही म्हणतो,
इथे ठिणगी चालत नाही.

वळून बघतो तर नोंद उघडीच राहिलेली,
मथळ्यात तेवढं एक नाव,
आणि खाली, बारीक अक्षरात,
मी हात न लावता:
मसुदा जतन झाला, ३:४२.