रवाळ

एप्रिल, अल कूझ.
बाहेर शटरला हात लावला तर चटका बसतो
आणि आत मी इस्त्रीवर पिवळं मेण वितळवतोय
बर्फासाठी.

पिवळं म्हणजे उबदार बर्फाचं.
मॉलमधल्या उतारावर लाल पुरतं,
तिथं बारा महिने उणे दोन.
त्या बर्फाला ऋतू नाही, गाव नाही,
रात्री नळ्या तो शिंकतात
आणि सहाच्या आत रोनेल तो विंचरून ठेवतो.

शमसाबाई आल्या, अबायाच्या काठाला धूळ.
म्हणाल्या, गुदौरीला जातेय, आठ दिवस.
पन्नाशी उलटली, उजवा गुडघा नावापुरता.
एकच जोडी दे,
सकाळी चालेल, दुपारी चालेल, कुठंही चालेल अशी.

कुठंही चालेल अशी म्हणजे
एक ना धड, भाराभर चिंध्या,
जिभेवर आलं होतं. गिळलं.
भिंतीवरून तीन जोड्या उतरवल्या.

पहिलीची कंबर पंच्याहत्तर मिलिमीटर.
(स्कीला कंबर असते, आणि तेवढ्या एकाच कंबरेबद्दल
या दुकानात मोकळेपणानं बोलता येतं.)
सकाळच्या काचेवर सुरी.
दुपारी रुतेल, भातखाचरात चप्पल रुतते तशी.
दुसरी एकशेआठ.
पाणावलेल्या ढिगांवर होडी,
पण पहाटे कडक उतारावर कड पालटायची म्हटलं
की तुमचा गुडघा माझ्या नावानं बोटं मोडेल.
तिसरी नव्वद. टोक मऊ, टाच जरा हट्टी.
ही घ्या.

“तुला काय ठाऊक?
पाहिलायस वसंतातला बर्फ?”

मी सांगलीचा. एमआयडीसीत नऊ वर्षं ग्राइंडरवर.
पोलाद मला बोटांनी कळतं.
बर्फ ऐकीव.
ऐकीवच सांगितला:
रात्री गोठतो, सकाळी खणखणीत,
दहाच्या सुमाराला वरचा थर सुटतो, दाणा दाणा,
कढवलेलं तूप निवताना जसं
रवाळ होतं.
तेवढेच दोन तास खरे. दोननंतर मग खिरीत पाय.

रवाळला हिंदी शब्द आठवेना.
चिमटीत हवा चोळून दाखवली.
त्यांनीही चोळली, डोळे बारीक करून.
“दिहन,” म्हणाल्या. “आमच्या घरचं.”
आणि नव्वदची जोडी काखेत घेतली,
भाव न विचारता.

तीन रात्री तिच्यावर बसलो.
कडेला अठ्ठ्याऐंशी अंशांची धार,
तळव्यावर तिरप्या, जाड रेषा,
ओला बर्फ तळव्याला चोखतो म्हणतात,
रेषा असल्या की सोडतो.
म्हणतात. सगळं म्हणतातच.

मे महिन्यात जोडी परत आली, पंचात गुंडाळावी तशी
टॉवेलात.
कडांना तांबूस गंज.
डाव्या तळव्यावर वीतभर ओरखडा, आतला पांढरा थर दिसेपर्यंत.
आणि टाचेच्या चापात अडकलेलं
गवताचं एक पातं, पिवळं, खरंखुरं.
बर्फ संपला तिथं त्या थांबल्या नव्हत्या तर.

“दहा ते बारा,” त्या म्हणाल्या, “अगदी तू सांगितलंस तसं.
रोज. घड्याळ लावून.
पण एक तुला कुणी सांगितलं नाही वाटतं.
दुपारी उभं राहिलं ना नुसतं,
तर खालून पाणी जात असतं.
दिसत नाही. पायाखाली बोलतं.
मी उतरायचंच विसरले एकदा.”

मला खरंच कुणी सांगितलं नव्हतं.
बारा वर्षांत शेकडो जण, शेकडो जोड्या,
वेग सांगितला, पडणं सांगितलं, हॉटेलचं जेवणसुद्धा.

त्या गेल्यावर काळी कांडी पेटवली,
ओरखड्यात थेंब थेंब सोडत गेलो.
निम्म्यावर थांबून बोट फिरवलं.
दगडाला धार होती.
फार जुना दगड नसावा, किंवा असावा,
दगडातलं मला कळत नाही.

एसीच्या नळीतून बादलीत पाणी ठिबकत होतं.
बादली सरकवली,
बिल लिहिलं, पंच्याऐंशी दिरहम,
गवताचं त्यात धरलं नाही.