ठेच्याची करंजी

नाताळच्या पहाटे आमच्याकडे
सगळ्यांच्या आधी जागा व्हायचा तो स्टोव्ह.
त्याच्या फरफरीत आम्ही तिघं भावंडं
गोधडीत आणखी खोल शिरायचो.
मग पप्पा यायचे, सळईच्या कारखान्यातून, रात्रपाळी संपवून,
मफलरला लोखंडाचा वास,
पाठोपाठ कुंडलिकेवरचं गार वारं,
आणि दारातूनच म्हणायचे,
"उठा रे मागी लोकहो, तारा कवाचा निघालाय."

तारा म्हणजे ओट्यावरची चांदणी:
कळकाच्या कामट्या, पतंगाचा कागद, आत चाळीसचा बल्ब,
एक टोक दरवर्षी वाकडं.
ते थोरल्याचं काम.
आता तो पुण्यात लोकांच्या घरांचे नकाशे काढतो.

नवे कपडे अंगावर चढायच्या आधी
शेळीला कडबा टाकायचा.
का, ते कुणी कधी सांगितलं नाही.
बाळ गव्हाणीत निजलं, तर गव्हाणवाल्यांचा मान पहिला,
असं मीच आपलं मनाशी धरलं.
शेळी विकली त्या साली
आईनं तरी मोंढ्यातून अर्धी पेंढी आणली,
आणि पप्पांनी अगदी गंभीर तोंड करून
ती लुनाच्या कॅरिअरवर ठेवली.
"हीच आता आपली गाढवी."
उपासना आटपून चालत परत येईस्तोवर
दर्ग्याकडची म्हैस सगळं फस्त करून गेलेली,
आणि लुना आडवी.

पण सांगायची होती ती करंजीची गोष्ट.

परातभर करंज्यांत आई एकच भरायची
हिरव्या मिरचीच्या ठेच्यानं.
ती ज्याला येईल
त्यानं उभं राहून प्रार्थना करायची,
मोठ्यानं, नाकाडोळ्यांतून पाणी गाळत.
ती यायची पप्पांना.
दरवर्षी पप्पांनाच.
आम्ही टाळ्या पिटायचो,
पप्पा खोकत, लालबुंद होत उठायचे:
"हे दयाळू बापा..."
आणि पुढं माझं गणित,
भट्टीवर भाजलेला नवा पोरगा,
तुरीवरची अळी, रझियाचाचीचा गुडघा,
सगळं त्याच तिखटात घोळून वर पाठवायचे.
मला वाटायचं, देव नशीब वाटतो ते असं,
डोळे मिटून.

बारावीच्या वर्षी मी पहिल्यांदा तळायला बसले.
बघते तर एका करंजीला आई
मुरड घालत होती उलटी,
डावीकडून.
मी विचारलं.
ती म्हणाली, "झारा दे इकडं."

औंदा पप्पांचे दोन्ही मोतीबिंदू पिकलेत.
बोटं फिरवली त्यांनी परातीवरून,
पण त्या बोटांची साल भट्टीनं कधीच नेलेली,
मुरड काय कळणार.
एक उचलली, चावली, थांबले.
"गोड हाय," म्हणाले,
चोरी सापडल्यासारखे.

थोरल्याची पोरं मोबाईल खाली ठेवून बघायला लागली.
आई पदराशी चाळा करत.
आणि चार वर्षांच्या तिरसाचा हात
सरळ निघाला होता
डावीकडून मुरडलेल्या करंजीकडं.

मी आधी उचलली.

आईचा हात आता थरथरतो. ठेचा नाही.
कानातून धूर, जिभेचा पत्ता नाही,
आणि पोरांच्या टाळ्या.
मला प्रार्थना येत नाही.
वीस वर्षं मी नुसती 'आमेन'ला हजर असते.
उभी राहिले,
"हे दयाळू बापा," म्हटलं,
आणि पुढं काहीच सुचेना
म्हणून रझियाचाचीच्या गुडघ्यापासून सुरुवात केली.

चाचीला जाऊन सात वर्षं झाली.
कुणी टोकलं नाही.
पप्पांनी मान खाली घातली होती,
खांदे तेवढे हलत होते.
आईनं पाण्याचा तांब्या
हळूच माझ्याकडं सरकवला.