मूठ

रत्नागिरीच्या दुकानदाराने काचेवर पाच कॅमेरे मांडले,
हर्णैच्या लिलावात पाट्या मांडतात तसे,
आणि आकडे बोलू लागला.
मी म्हटलं, थांबा. आधी हातात द्या.

"बाईमाणसाला हा हलका बरा."
हलका होता खरा,
डोक्यावर पाटी आहे की नाही
हे बघायला सारखा हात वर जावा, इतका.
दुसरा वामासारखा बुळबुळीत.
तिसऱ्याला सगळी बटणं होती,
माझ्या अंगठ्याच्या वाटेवर मात्र एकही नव्हतं.

चौथा उचलला आणि गप्प झाले.
करंगळीला टेकायला जागा मिळाली,
मधलं बोट खोबणीत जाऊन बसलं,
न विचारता, शेजारच्या पडवीत बसावं तसं.
खटका दाबला.
पावसात फुगलेलं मागचं दार
शेवटी एकदाचं लागतं, तो आवाज.

"निकॉनच का पण?
फोटो आता सगळ्यांचे सारखेच येतात."
येतात. मी कुठे नाही म्हणते.

आंजर्ल्याच्या लग्नात माझी बॅटरी मेली
तेव्हा इम्तियाज मुकादमने आपला कॅनन गळ्यातून काढून दिला.
दिलदार माणूस. कॅमेराही चांगला, माझ्याहून महाग.
भटजी "सावधान" म्हणाले, अंतरपाट सुटला,
मी सवयीने कडं फिरवलं,
आणि जवळ यायची ती नवरी
पार मांडवाच्या टोकाला गेली, शेंगदाण्याएवढी झाली.
पुढे कुणा मामांचं टक्कल, त्यावर अक्षता.
आल्बमच्या त्या पानावर मी केळीच्या खांबाचा फोटो लावला.
नवरीच्या आईने पान उलटलं,
परत मागे घेतलं,
काही बोलली नाही.

इम्तियाज पोट धरून हसला.
"तुमच्या कंपनीचं सगळंच उलटं!"
मग चहा ओतता ओतता म्हणाला,
"चाचाने कुवेतहून जो आणला, तो माझा झाला.
तुझावाला आणला असता
तर तुझ्या बाजूने भांडलो असतो."

चांगुणा चोगलेची कोयती मी एकदा उचलून पाहिली.
मुठीला जाळ्याचा दोरा गुंडाळलेला, घामाने काळा पडलेला,
चार बोटांच्या चार खाचा.
माझी बोटं त्यात बसेनात.
"ठेव ती खाली," म्हणाली,
"परक्या कोयतीने कापलं तर सुरमईला कळतं.
आणि आधी तुझं बोट कापंल."

आता माझ्या कॅमेऱ्याचंही तेच झालंय.
खाऱ्या वाऱ्याने रबर सुटलं,
मी सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवला.
अंगठ्याखाली रंग उडून धातू दिसतो.
विकायला काढला तर कोण घेणार?
घेतला तरी त्याला माझा हात कुठून मिळणार?

आमच्याकडे म्हणतात, मूठ मारली.
खाडीपलीकडून कुणीतरी रात्री सोडतं
आणि ती तुम्हालाच येऊन लागते,
मधली सगळी घरं सोडून.
मला वाटतं, जपानात कुणीतरी
ओल्या मातीचा गोळा तळव्यात दाबून पाहिला असेल,
थोडी खरवडली असेल, पुन्हा दाबली असेल.
त्याला हर्णै काय माहीत.
पण त्याच्या तळव्याचा खळगा
एवढा समुद्र ओलांडून मलाच लागला.
उतारा नाही. मी शोधलाही नाही.

संध्याकाळी होड्या लागतात.
बैलगाड्या पाण्यात उतरतात, चाकं अर्धी बुडतात,
सुवर्णदुर्गामागे उजेड भराभर उतरत जातो.
अशा वेळी विचार करायला सवड नसते.
अंगठा चाक फिरवतो, डावा हात कडं,
आणि मी फक्त
ओरडणाऱ्या बाईच्या तोंडाकडे बघत असते,
बोली कुठे थांबेल त्याकडे.

रविवारी केळशीला लग्न आहे.
इम्तियाजचा निरोप आलाय :
बॅटऱ्या दोन घेऊन ये.