हिरवा, नंबर चौदा

ऑर्लँडोतलं पार्क रात्री एकला मिटतं.
झाडात अडकलेले फुगे काठीनं काढतात,
रस्ते पाइपानं धुतात,
मग आम्ही येतो, रंगवाले.

माझ्याकडे बंदराच्या गल्लीतलं एक दार.
दुसऱ्या मजल्यावर. उघडत नाही. मागे नुसती भिंत.
दारावर पाटी :
एल्सवर्थ पिम. पियानो लावून मिळतील. लग्नं नाही.
वर्षातून दोनदा रंग. हिरवा, नंबर चौदा.
वहीत तसंच लिहिलंय, माझ्या आधीच्या कुणाच्या अक्षरात.

खाली घड्याळ, कायम सात चाळीस.
दिव्याच्या खांबाला टांगलेला एकच बूट.
बाकाच्या लोखंडी हातावर सुरांच्या खुणा,
लोक तिथे आइस्क्रीमची बोटं पुसतात.
बूट कुणाचा, कुणी विचारत नाही.
मीही नऊ वर्षं विचारलं नव्हतं.

मग लामारनं कुठूनशी ती फिल्म आणली.
नाचगाण्यांची, माझी आजी कामाग्वेत परकरात असतानाची.
बोट सुटते सात चाळीसला,
तो एका बुटानिशी धावत सुटतो, गात,
आणि पिमचं दार (मोजलं मी)
अकरा सेकंद.
कृष्णधवल.
अख्खी फिल्मच कृष्णधवल!
मग हिरवा दिसला कुणाला?

मार्चमध्ये फाटक उघडायच्या आधी
नातवानं एका बाईंना आणलं, चाकाच्या खुर्चीत.
इमोजीन टॅल्बर्ट, वय ब्याण्णव.
धक्क्यावरच्या नाचात मागची रांग, डावीकडून चौथी.
मी शिडीवर, हातात ब्रश.
वर बघून हसतच सुटल्या.
"पिवळं होतं गं ते! घाण, मोहरीसारखं.
कॅमेऱ्याला तेच बरं दिसायचं.
आमचे ओठसुद्धा तपकिरी.
आणि धुकं तेलाचं, आठवडाभर केस चिकट."
मी खाली उतरले, तर माझ्याच हातावरच्या रंगाला
त्यांनी बोट लावलं.
ओला होता. पुसला नाही त्यांनी.

ऑक्टोबरात दार खरवडलं.
माझे अठरा थर, त्याखाली दुसऱ्यांचे,
सगळे हिरवे.
तळाशी लाकूडही नाही, फायबर.
आधी एक हात पिवळ्याचा दिला.
वाळेपर्यंत पायरीवर बसून कॉफी प्यायले.
लामार म्हणाला, "ओडालिस, हे काय?"
म्हटलं, अस्तर.

मग वरून चौदा नंबर, दोन हात,
कडा नीट, पिमच्या नावाला धक्का न लावता.
वहीत हिरवाच लिहिला.